आंब्याच्या झाडावरून पडलेला भाऊ आणि रिपोर्टातला चार आकडा

डॉक्टरसाहेब,

मी राजापूर तालुक्यातली प्राथमिक शिक्षिका. माझा धाकटा भाऊ, वय ३४, मेच्या पहिल्या आठवड्यात आंबे उतरवताना फांदी मोडून पंधराएक फुटांवरून गडग्यावर पडला. उजव्या कुशीत मार बसला, शेवटची बरगडी तडकली. तासाभराने लघवी झाली ती कोकमाच्या आगळासारखी. जवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी केली, ‘किडनीला किरकोळ मार’ म्हणाले. तरी रात्रीच कोल्हापूरला हलवलं. तिथे सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला, ‘ग्रेड तीन’. एक बाटली रक्त चढवलं. ऑपरेशन नाही, नुसतं झोपवून ठेवलं. चौथ्या दिवशी ताप भरला, पुन्हा सीटी काढला, आता ‘ग्रेड चार’. मग स्टेंट टाकला आणि दहाव्या दिवशी लघवीच्या नळीसकट घरी सोडलं. घरी येऊन तीन दिवस झाले आणि तीन दिवस घरात वाद चालू आहेत. मामा म्हणतात, डॉक्टर बघत बसले म्हणून तिनाचे चार झाले. शेजारच्या गावात एकाची ग्रेड तीन असून किडनी काढली, मग याची चार असून का ठेवली? भावजय विचारते, चौथी म्हणजे कॅन्सरसारखी शेवटची स्टेज का? मला उत्तर देता येत नाही. रिपोर्टांचे फोटो सोबत आहेत. उत्तर दिलंत तर एक पेटी नक्की पाठवीन.

– एक बहीण

*

ताई,

तुमच्या पत्रातलं जे तातडीचं होतं त्याचं उत्तर त्याच संध्याकाळी मेलने पाठवलं होतं. ते खाली पुन्हा येईलच, कारण असे पेशंट पुष्कळ असतात आणि मे महिन्यात कोकणातून जास्तच येतात. आंबा, नारळ, सुपारी, सगळंच उंचावरचं. हंगाम सुरू झाला की आमचा वॉर्डबॉय म्हणायचा, ‘साहेब, आता झाडावरचे पेशंट पडायला लागतील.’ आणि पडायचेच.

आधी भावजयीचा प्रश्न. कॅन्सरची स्टेज म्हणजे रोगाने किती मजल मारली त्याचा हिशेब. रोग चालत असतो, म्हणून चौथी स्टेज ऐकली की पोटात गोळा येतो, आणि तो येणं बरोबरच आहे. तुमच्या भावाच्या किडनीत चालत सुटलेलं काही नाही. जे फाटायचं ते गडग्यावर आदळला त्या क्षणी फाटलं. ग्रेड म्हणजे त्या जखमेचं स्कॅन बघून केलेलं वर्णन, एका आकड्यात कोंबलेलं. कुठे चीर आहे, किती खोल आहे, कुठवर पोचली आहे, एवढंच त्यात असतं. शिवाय पायऱ्या पाच आहेत. शेवटची म्हणायचीच असेल तर ती पाचवी.

हा आकडा आला कुठून? १९८९ साली अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा या सर्जनांच्या संघटनेने प्लीहा, यकृत आणि किडनी या तीन अवयवांच्या जखमांची प्रतवारी ठरवली. गरज साधी होती. एक सर्जन म्हणायचा ‘मोठी जखम’, दुसराही म्हणायचा ‘मोठी जखम’, आणि दोघांच्या डोळ्यांपुढच्या जखमा निराळ्या. मग कोणाचे पेशंट कशाने बरे झाले हे ताडून बघायचं कसं? तुम्ही पेटीवर किती डझन ते लिहिता, म्हणजे वाशीतल्या व्यापाऱ्याला पेटी न उघडता फळाचा अंदाज येतो. तसंच काहीसं. २०१८ मध्ये या प्रतवारीची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात सीटीवर दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जखमा आणि चालू असलेला रक्तस्राव यांना जागा मिळाली. तुमच्या रिपोर्टात ‘एएएसटी ग्रेड’ असं जे छापलं आहे ते हेच.

पायऱ्या समजायच्या तर किडनी कशी बसवलेली असते ते डोळ्यांपुढे हवं. दहा-बारा सेंटिमीटर लांब, वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. तुमच्या पेटीतला अडीचशे ग्रॅमचा हापूस तिच्याहून जड. पण एवढ्याशा दोन किडन्यांतून मिनिटाला लिटरभराहून अधिक रक्त फिरतं, हृदय जेवढं फेकतं त्याचा पाचवा हिस्सा. म्हणून तिथली चीर हलक्यात घेता येत नाही. तिला लपवलंही तसंच आहे, पार पाठीशी, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. (शेवटची बरगडी तडकली असेल तर किडनीकडे बघायचंच, हे आम्हाला पहिल्या वर्षी घोकून घेतात.) तिच्या अंगावर पातळ, चिवट कवच. कवचाबाहेर चरबी. आणि चरबीसकट सगळं बाहेरून गुंडाळणारं एक आवरण, त्याला रोमानियातल्या दिमित्रिए गेरोटा या शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. हे गेरोटाचं आवरण ध्यानात ठेवा, ते पुढे पुन्हापुन्हा येणार आहे. किडनीच्या पोटात एक पोकळी असते, तयार झालेली लघवी तिथे जमते आणि नळीने खाली मूत्राशयात उतरते.

आता पहिली पायरी, म्हणजे नुसता मुका मार, किंवा कवचाखाली साकळलेलं रक्त. फाटलेलं काही नाही. दुसरीत एक सेंटिमीटरपर्यंत खोल चीर, किंवा किडनीबाहेर येऊनही आवरणात मावलेलं रक्त. तिसरीत चीर सेंटिमीटरहून खोल, मात्र लघवीच्या पोकळीपर्यंत न पोचलेली. रक्त अजून वाहतं आहे पण आवरणाच्या आतल्या आत, तर तेही तिसरीतच धरतात. पाचवी सांगायला सोपी आणि बघायला वाईट. किडनीच्या अशा चिंधड्या की मूळ आकार ओळखू येत नाही, किंवा मुख्य धमनी नाहीतर शीर फाटलेली, कधी किडनी देठापासूनच उपटलेली.

चौथी मुद्दाम मागे ठेवली. चौथी म्हणजे वडापची जीप. एकमेकांशी नातं नसलेले सगळे एकाच गाडीत कोंबलेले. चीर पोकळीपर्यंत गेली आणि लघवी बाहेर झिरपते, तो चौथीत. पोकळी आणि खाली जाणारी नळी यांचा सांधाच तुटला, तोही चौथीत. किडनीच्या आतली एखादी फांदीएवढी रक्तवाहिनी तुटली, चौथी. रक्त गेरोटाचं आवरण ओलांडून पोटात पसरलं, चौथी. आणि धमनीत गुठळी बसून किडनीचा एक भाग किंवा आख्खी किडनी मेली, पण रक्त मात्र कुठेच वाहत नाही, तीही चौथीच! यांतल्या पहिल्याला बहुतेक वेळा पडून राहून बरं वाटतं. दुसऱ्याचा सांधा जोडावा लागतो. रक्त पोटात पसरलेल्याला त्याच रात्री धावपळ करून वाचवावं लागतं. रिपोर्टावर आकडा सगळ्यांच्या एकच.

म्हणून ग्रेड चार दिसलं की डॉक्टरांना एवढंच विचारायचं: चार कशामुळे? लघवीमुळे की रक्तामुळे?

तुमच्या भावाची चार लघवीमुळे आहे. दुसऱ्या रिपोर्टात तसं स्पष्ट लिहिलं आहे, रक्त वाहताना दिसत नाही असंही लिहिलं आहे. यातच शेजारच्या गावातल्या माणसाचं अर्धं उत्तर आलं. त्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्याच्याबद्दल ठाम बोलणार नाही. पण तिसऱ्या पायरीवर आवरणाच्या आत रक्त वाहतं असू शकतं, आणि चौथीवर रक्ताचा थेंबही वाहत नसू शकतो. म्हणजे अमुक एका रात्रीपुरता ग्रेड तीनचा माणूस ग्रेड चारच्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. त्याची प्लीहाही फुटली असेल, बीपी सावरत नसेल, किडनी आधीच मुतखड्याने किंवा जन्मजात अडथळ्याने फुगलेली असेल. फुगलेली किडनी थोड्या माराने फाटते. दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवून हिशेब मागायचा तर बाकीचा कागदही शेजारी ठेवावा लागतो.

आता मामांचं. तिनाचे चार झाले ते बघत बसल्यामुळे, हे त्यांचं म्हणणं.

किडनीचा सीटी करताना शिरेतून डाय, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, देतात. मिनिट-दीड मिनिटात जे फोटो निघतात त्यांत डाय रक्तात असते, त्यामुळे रक्तवाहिन्या दिसतात, चिरा दिसतात, वाहतं रक्त दिसतं. लघवी गळते का हे तेव्हा कळतच नाही, कारण डाय अजून लघवीत उतरलेली नसते. ती उतरायला दहा मिनिटं लागतात. त्यासाठी पेशंटला टेबलावर थांबवून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फोटो घ्यायचे असतात. रात्री दोन वाजता, बीपी शंभरावर लटकतंय, पेशंट कण्हतोय, अशा वेळी हे उशिराचे फोटो राहून जातात. कधी ते डॉक्टर विसरतात, कधी पेशंटला मशीनवर तेवढा वेळ ठेवणंच धोक्याचं असतं. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या रिपोर्टात उशिराच्या फोटोंचा उल्लेख नाही. दुसऱ्यात आहे. तेव्हा बरीच शक्यता अशी की चौथी पायरी पहिल्या रात्रीपासूनच होती, दिसली चौथ्या दिवशी. चिरेच्या तोंडाशी बसलेली गुठळी दोन-तीन दिवसांनी विरघळली आणि मग गळती सुरू झाली, असंही होतं. काही झालं तरी चीर झोपून मोठी होत नाही. आणि खोल चीर असेल तर ४८ ते ७२ तासांनी पुन्हा सीटी करायचाच असतो, तो नेमका अशाच गोष्टी पकडायला. ताप आल्यावर तुमच्या डॉक्टरांनी तो केला आणि पकडलं. माझी तक्रार असलीच तर एवढीच की दुसऱ्या फोटोनंतर कोणी तुम्हाला पाच मिनिटं बसवून हे सांगितलं नाही.

जाता जाता, तुमच्या दुसऱ्या रिपोर्टात एक शब्द दोनदा आहे. ‘एक्स्ट्राव्हेजेशन’. पहिल्या ओळीत ‘नाही’ आणि चौथ्या ओळीत ‘आहे’. मामांनी त्यावर लाल पेनाने गोल करून प्रश्नचिन्ह काढलंय, फोटोत दिसतंय. या शब्दाचा अर्थ नुसता ‘बाहेर गळणं’. पहिल्या ओळीत रक्ताचं गळणं, ते नाही. चौथ्या ओळीत लघवीचं गळणं, ते आहे. रिपोर्ट चुकलेला नाही. मात्र घरच्यांच्या हातात पडणाऱ्या कागदावर एकच शब्द दोन अर्थांनी छापणाऱ्यांचं कौतुकही करवत नाही.

सोनोग्राफीत ‘किरकोळ’ का आलं, तेही याच धाग्यातलं. अपघातानंतरची झटपट सोनोग्राफी मुख्यतः पोटात मोकळं रक्त आहे का हे बघायला असते. किडनी पोटाच्या पिशवीमागे. तिथली चीर सोनोग्राफीत सहज निसटते. तुम्ही त्यावर विसंबला नाहीत आणि रात्रीत घाट चढलात, हे फार बरं केलंत. आणखी एक. लघवीच्या रंगावरूनही ग्रेड ओळखता येत नाही. पहिल्या पायरीवरच्या माणसाची लघवी लालभडक असू शकते, आणि धमनीत गुठळी बसून किडनी मेलेल्याची स्वच्छ पिवळी. कारण जिथे रक्तच पोचत नाही तिथून लघवीत काय उतरणार?

‘नुसतं झोपवून ठेवलं’ या तुमच्या शब्दांपाशी थोडं थांबतो. त्या ‘नुसतं’मध्ये बरंच काही असतं.

आमच्या वॉर्डात एक जुन्या सिस्टर होत्या. किडनीला मार लागलेला पेशंट आला की त्या प्रत्येक लघवीतली थोडी परीक्षानळीत धरायच्या, नळीला चिकटपट्टी लावून तीवर वेळ लिहायच्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर स्टँडमध्ये ओळीने लावायच्या. सकाळी राउंडला गेलो की केसपेपर उघडायच्या आधी मी खिडकीकडे बघायचो. उन्हात डावीकडून उजवीकडे रंग उतरत गेलेला दिसायचा. आधी आगळ, मग आगळ घातलेलं सरबत, मग कोरा चहा, मग भाताच्या पेजेवरचं पाणी. मध्येच एखादी नळी पुन्हा लाल दिसली की सिस्टर काही न बोलता तिच्यावर बोट ठेवायच्या. त्याच्या जोडीला तासातासाला नाडी आणि बीपी, सहा-सहा तासांनी हिमोग्लोबिन, कुशीवर पेनाने आखलेली सुजेची रेघ. पेशंटला उठून बाथरूमलाही जायची मनाई. या सगळ्याला नातेवाईक ‘काही करत नाहीत’ म्हणायचे.

आणि ऑपरेशन का करत नाहीत? इथे गेरोटाचं आवरण कामाला येतं. ते बंद पिशवीसारखं असतं. आत रक्त साचत गेलं की दाब वाढतो, आणि तो दाबच फुटलेल्या वाहिन्या दाबून धरतो. आत तयार झालेला बांध म्हणा. सर्जनने पोट उघडून ते आवरण कापलं की बांध फुटतो. मी शिकत असताना सीटी स्कॅन आमच्याकडे नव्हता, अंदाजाने उघडायचो. एका रात्री आमच्या सरांच्या हाताखाली मी स्वतः ते आवरण कापलं, आणि मघापर्यंत शांत असलेल्या जागेतून रक्त असं वर आलं की काहीच दिसेना. माणूस वाचवायचा तर देठाला चिमटा लावून किडनी काढण्यावाचून इलाज उरला नाही. ती ट्रेमध्ये ठेवल्यावर बघितलं. चीर दोन बोटांची होती. झोपवून ठेवला असता तर ती किडनी आज त्याच्या अंगात असती, असं मला अजून वाटतं. अशा किडन्या जगभर गेल्या, म्हणून तर विचार बदलला. आता नाडी-बीपी स्थिर असेल तर तिसऱ्याच काय, चौथ्या पायरीवरच्या आणि काही पाचव्या पायरीवरच्या किडन्याही न उघडता सांभाळतात. रक्त थांबत नसेल तर जांघेतून बारीक नळी घालून फुटलेली वाहिनी आतून बंद करता येते. आवरणाला हात लागत नाही. पोट उघडतात ते मुख्यतः रक्त देऊनही बीपी कोसळत असेल तेव्हा.

म्हणजे ग्रेड बघून ऑपरेशन ठरत नाही, माणूस बघून ठरतं. ग्रेडने एवढं कळतं की याच्यावर किती दिवस आणि किती डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची.

आता पुढचं, भावाचं.

तुम्ही पत्र लिहिलंत तो त्याचा तेरावा दिवस. घरी आला म्हणजे सुटला असं समजू नका. चिरेजवळच्या वाहिनीच्या भिंतीला कधीकधी फुगा धरतो, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फुटतो. फुटला की स्वच्छ झालेली लघवी एकदम लाल होते, गुठळ्या पडतात, कधी गुठळीने लघवी अडते, चक्कर येते, अंगाला घाम फुटतो. असं झालं तर वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा. थंडी वाजून ताप, कुशीत पुन्हा फुगवटा, वाढती कळ, यांनाही तेच. मी मेलमध्ये लिहिलं होतं तेच पुन्हा लिहितो: महिना पुरा होईपर्यंत त्याला वाडीवर ठेवू नका. कोल्हापुरात कोणी नातेवाईक असतील तर तिथे, नाहीतर निदान जिथे रात्री गाडी दारात येते अशा घरी. अणुस्कुरा घाट उन्हाळ्यात ठीक आहे. पाऊस सुरू झाला आणि दरड आली तर अडकाल. स्टेंट काढायची तारीख जूनमध्ये येते आहे, तेव्हाही आदल्या दिवशीच वर जाऊन राहा.

स्टेंट म्हणजे दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी, एक टोक किडनीच्या पोकळीत, दुसरं मूत्राशयात. लघवीला खाली यायला मोकळी वाट मिळाली की ती चिरेतून बाहेर जायचं सोडते आणि चीर मिटते. भाऊ लघवीची नळी काढा म्हणून भांडतो असं भावजयीने सांगितल्याचं तुम्ही मेलमध्ये लिहिलंत. त्याला सांगा, ती नळी उगाच ठेवलेली नाही. स्टेंट असताना मूत्राशय भरलं की दाबाने लघवी उलटी वर चढते, थेट चिरेकडे. नळी असली की मूत्राशय रिकामं राहतं. डॉक्टर सांगतील त्या दिवशी निघेल. ती निघाल्यावर स्टेंटमुळे वारंवार लघवीला लागेल, लघवी करताना कुशीत कळ येईल, कधी किंचित गुलाबी दिसेल. याला घाबरू नका.

घाबरायचं ते विसरण्याला. स्टेंट दिसत नाही, दुखणं थांबलं की आठवत नाही, आणि मग माणूस दोन वर्षांनी येतो तेव्हा त्या नळीवर मुतखड्याचा दगड चढलेला असतो. मग ती काढायला तीन-तीन ऑपरेशनं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की पेशंटच्या बायकोला कॅलेंडरवर तारखेभोवती गोल काढायला लावून फोटो मागायचो. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सहा आठवडे’ लिहिलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच गोल काढा.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आलंय म्हणून खूश आहात, ठीक आहे. पण ते दोन्ही किडन्यांचं मिळून असतं. एक चांगली असली तरी नॉर्मलच येतं. मार लागलेली किडनी किती काम करते हे बघायला डीएमएसए नावाचा वेगळा स्कॅन असतो. सगळं मिटल्यावर, काही महिन्यांनी करायचा का, ते डॉक्टरांना विचारा. चौथ्या पायरीच्या किडन्या बहुतेक वेळा थोडंफार काम गमावतात, सगळं नाही.

बीपी मात्र वर्षभर बघा, महिन्यातून एकदा, वहीत तारीख घालून. १९३९ मध्ये आयर्विन पेज या डॉक्टरने कुत्र्याच्या किडनीला सेलोफेनचा कागद गुंडाळून ठेवला आणि त्याचं बीपी चढलेलं दाखवलं. किडनी बाहेरून आवळली गेली की तिला वाटतं रक्त कमी पडतंय, आणि ती सगळ्या शरीराचं बीपी वाढवते. कवचाखाली साकळलेलं रक्त सुकून घट्ट झालं तर तोच कागद तयार होतो. चौतिशीतल्या शेतकऱ्याचं बीपी कोण कशाला बघतंय? म्हणून तुम्हीच बघा. शाळेत आरोग्य तपासणीला येतात त्यांच्याकडेही मशीन असतं.

दुखलं तर पॅरासिटामॉल. मेडिकलमधून मनाने डायक्लोफिनॅक, ब्रुफेन आणायचं नाही, त्यांनी किडनीवर ताण येतो आणि रक्त वाहायचीही भीती वाढते. कुळथाच्या पाण्याचं मेलमध्ये विचारलं होतंत. कुळथाची पिठी भाताबरोबर खाऊ दे, कोकणातला माणूस तिच्याशिवाय बरा व्हायचा नाही. पण मुतखड्यावरचा काढा म्हणून, कोणा वैदूच्या पुडीबरोबर, अजिबात नाही. त्याला मुतखडा झालेला नाही, किडनी फाटली आहे.

ओझं उचलणं, बाइकवरून खड्ड्यांतून जाणं, हे निदान दीड-दोन महिने बंद. झाडावर चढणं त्याहून पुष्कळ लांब. यंदाचा हंगाम तसाही संपला. पुढेही खालूनच घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, चालवू दे, आणि पुढच्या एप्रिलला चढायचाच म्हणाला तर आधी डॉक्टरांचा होकार आणि मग कमरेला दोर. अर्ध्या बागेत मी हा दोर झाडाला बांधून ठेवलेला बघितलाय आणि माणूस वर मोकळा. घरचे सांगतात तेव्हा ऐकत नाहीत. या वर्षी कदाचित ऐकेल.

पेटी पाठवू नका. त्याऐवजी स्टेंट निघाला की तारीख कळवा, आणि बीपीच्या वहीचं पहिलं पान फोटो काढून धाडा.